विहिणीचं इंग्रजी

"आई, तू बोल ना मराठीत, मी सांगते त्यांना," जुई पडद्यावरून म्हणाली.

मिरजेत दुपार होती, तिकडे इंग्लंडात लीड्सला सकाळ. माझ्यासमोर लॅपटॉप आणि लॅपटॉपसमोर ठेवणीतली साडी नेसून बसलेली मी. पलीकडे त्यांच्या स्वयंपाकघरात तिघं एका चौकटीत दाटीवाटीनं बसली होती. मधे माझी जुई, एका बाजूला तिचा होणारा नवरा टॉम, दुसऱ्या बाजूला त्याची आई बार्बरा. बाई जन्मभर शाळेची बस चालवलेली. दंड भक्कम, गाल लालचुटुक, आणि हसणं असं, की इथं माझ्या टेबलावरचा पेला थरथरावा.

मी सुरुवात केली. म्हटलं, "विहीणबाई, आमच्या घरात आम्ही दोघीच. हे गेल्यापासून या पोरीनंच घर हसतं ठेवलं. तिचे लाड करू नका, शिळंपाकं चालतं तिला. पण कुणी तोडून बोललं की ती मिटते. लाजाळूचं झाड परवडलं, ते आपलं आपण उघडतं तरी. हिला जरा हळूच उघडावं लागतं."

बरंच बोलले मी. जुई मान डोलवत ऐकत होती. मग बार्बराकडे वळून तिनं एक आखूड वाक्य टाकलं. बार्बरा म्हणाली, "ओ, लव्हली!"

"काय सांगितलंस गं?"

"तू म्हणालीस तेच. लग्नाला नक्की या, जेवण छान असेल."

"मी जेवणाचं नावसुद्धा काढलं नाही!"

"आई, भाषांतरात थोडं इकडंतिकडं होतं."

थोडं? माझं एवढं बोलणं पोरीनं धुतलं, पिळलं आणि रुमालाएवढं करून वाळत घातलं.

तेवढ्यात टॉमनं जुईच्या खांद्यावर थाप मारली आणि तो कौतुकानं काहीतरी म्हणाला. बार्बरा हसली. जुईही हसली, पण खाली बघून.

"काय म्हणतोय?"

"काही नाही गं. म्हणतोय, हिला इस्त्रीचं भारी वेड. हल्ली चादरींनासुद्धा इस्त्री करते."

मी लॅपटॉपच्या आणखी जवळ सरकले.

"जुई, काय झालंय?"

"कुठं काय? काही नाही. आई, नेट जातंय हं, ठेवते."

पडदा काळा झाला. त्यात माझंच तोंड दिसायला लागलं.

याला आता पुष्कळ वर्षं झाली, पण ते इस्त्रीचं वाक्य अजून आठवतं. कारण त्या चौकटीतल्या दोघांना जे कौतुकाचं वाटत होतं, त्याचा अर्थ मला ठाऊक होता. जुईला दुखलं की ती रडत नाही, आदळआपट करत नाही. इस्त्री करते. शाळेत जिवाभावाची मैत्रीण तुटली तेव्हा हिनं घरातले सगळे रुमाल कडक करून ठेवले. हे रेल्वेत गार्ड होते; एका ड्यूटीवरून आले, छातीत दुखतंय म्हणाले आणि गेले. तेव्हा जुई कॉलेजात होती. त्या दिवसांत तिनं पडद्यांना इस्त्री केली, उशांच्या अभ्र्यांना केली, बाजाराच्या पिशव्यांनासुद्धा केली. भेटायला येणारे म्हणायचे, पोर किती कामाची! विचारलं की म्हणायची, "काही नाही गं." सगळे तिथंच फसायचे. जरा थांबून, जवळ बसून, पुन्हा विचारलं की इस्त्री उभी करून ठेवायची आणि मग सांगायची. दुसऱ्यांदा विचारायचं, एवढंच त्यातलं गुपित. ते यांना माहीत होतं आणि मला.

फोनवरून जवळ बसता येत नाही, आणि आता जुईच्या जवळ असणार ती विहीण. पण हे विहिणीला सांगायचं कसं? दुभाषी जुईच आणि गोष्टही तिचीच.

एरवी मला याची चिंता पडली नसती. आमच्याकडे लग्नात वरमाय जेवायला बसली की मुलीकडच्या बायका 'विहीण' म्हणतात. आमची मुलगी आता तुमची, तिला सांभाळून घ्या, अशी गाण्यातून केलेली विनवणी ती. मिरजेत कुणाचं लग्न ठरलं की हॉल बघायच्या आधी लोक मला सांगून ठेवत, "कुमुदताई, विहीण तुम्हीच म्हणायची." मी घरी जाऊन आधी त्या मुलीच्या आईला गाठायची. तिला विचारायची, तुमच्या लेकीचं असं काय आहे, जे फक्त तुम्हाला माहीत आहे? एकीची मुलगी अंधाराला भ्यायची, एकीची जेवताना अर्धी पोळी लाजेनं मागायची नाही. ते मी गाण्यात गुंफायची. सगळा मांडव रडायचा आणि सासू नेमकं ते लक्षात ठेवायची.

पण आई स्वतःच्या मुलीची विहीण म्हणत नाही. गळा दाटतो, ताल सुटतो. आणि समजा म्हटलीच, तरी लीड्सच्या बस चालवणाऱ्या बाईला त्यातलं काय कळणार?

दुसऱ्या दिवशी मी निखतच्या क्लासचा जिना चढले.

निखत मुजावर ही आमच्याच आळीतली. सायकल शिकताना माझ्या तुळशीवर येऊन आदळलेली पोर आता मिठाईच्या दुकानावर खोली घेऊन इंग्रजी बोलायला शिकवत होती. वर्गात मॅडम, जिन्यात निखत, असं आमचं ठरलं.

"काकू, कुठलं इंग्रजी हवंय? बँकेतलं, विमानतळावरचं, की नातवंडांचं?"

"विहिणीचं," मी म्हटलं.

ती हसली. मग मी तिला सगळं सांगितलं. ती हसायची थांबली.

"म्हणजे काकू, तुम्हाला दोन-तीनच वाक्यं हवीत. पण मनातून यायला हवीत, पाठ केल्यासारखी नकोत."

"पाठांतराला मी घाबरत नाही. अख्खं हरतालिकेचं जागरण मी तोंडी काढते."

"म्हणून तर भीती वाटते," निखत म्हणाली.

वर्गात मी सगळ्यात म्हातारी. शेजारी सिस्टर मालन बसायच्या. त्यांना दुबईला नर्स म्हणून जायचं होतं. मागे दोन-तीन तरुण पोरं, ती आपसात इंग्रजीतून फक्त 'ब्रो' म्हणायची. शब्द मला पटापट आले. अडलं ते 'नेहमी', 'कधीच नाही', 'गुपचूप', 'पुन्हा' यांच्यापाशी. मराठीत या शब्दांना कुठंही बसवा. 'मी नेहमी चहा पिते', 'चहा मी नेहमी पिते', 'नेहमी चहा पिते मी'. घरचीच माणसं ती, ओट्यावर बसा नाहीतर झोपाळ्यावर. इंग्रजीत मात्र पंगतीत प्रत्येकाचा पाट ठरलेला.

"आय ड्रिंक ऑलवेज टी," मी म्हटलं.

"काकू, 'ऑलवेज'ला चहाला चिकटवू नका. पिण्याच्या आधी बसवा. आय ऑलवेज ड्रिंक टी."

"बरं. आय ऑलवेज ॲम हॅपी."

"आता नाही! आता 'ॲम' आलं ना? त्याच्या मागे. आय ॲम ऑलवेज हॅपी."

"अगं, आत्ता तर म्हणालीस आधी बसवा!"

"ते ड्रिंक होतं, हे ॲम आहे."

"मग या ॲमचा एवढा काय तोरा?"

मागची पोरं हसायला लागली. निखतनं कपाळाला हात लावला. मी मात्र घरी येऊन भाकरी थापता थापता विचार करत राहिले, आणि थापेच्या तालावर आपोआप ओळी जुळल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणून दाखवल्या :

"ऑलवेज नेव्हर दोघी जावा, कामाच्या आधी धावती,
इज-ॲम-आर ही आली सासू, पदर घेऊन मागे राहती.
क्वायटली ही धाकटी नणंद, तिला कुठला धरबंद?
कधी पुढे, कधी शेवटी, उंबऱ्याशी रेंगाळते मंद."

सिस्टर मालननी टाळी दिली. निखतनं ते फळ्यावर लिहिलं आणि त्या ब्रो मंडळींकडून चालीवर म्हणून घेतलं. खालचा मिठाईवाला वर बघून गेला, की इंग्रजीच्या क्लासात हे भजन कुठलं लागलंय.

मग सरावाला ऊत आला. दूधवाल्याला म्हटलं, "यू आर ऑलवेज लेट." तो म्हणाला, "हो काकू, उद्यापासून अर्धा लिटर." कुकरला म्हटलं, "यू नेव्हर लिसन." शेजारची मांजर ओट्यावर चढली तर तिला, "यू क्वायटली कम, यू क्वायटली गो." मांजर तेवढी नीट ऐकायची.

शेवटी खऱ्या वाक्यांची पाळी आली. निखतनं वर्ग सुटल्यावर मला थांबवून घेतलं.

"बोला काकू. मी बार्बरा."

"शी नेव्हर टेल्स," मी म्हटलं. ती कधी सांगत नाही. "शी आयर्न्स क्वायटली."

"हे बरोबर आहे, पण तुम्हाला हेच म्हणायचंय का? असं म्हटलं तर वाटेल, इस्त्री करताना आवाज करत नाही. शी क्वायटली आयर्न्स म्हणा. मग वाटेल, ती गप्प आहे, आणि गप्पपणानं इस्त्री करतेय."

"एवढ्याशा सरकण्यानं?"

"एवढ्याशा सरकण्यानं."

मी म्हटलं पुन्हा. "शी नेव्हर टेल्स. शी क्वायटली आयर्न्स. प्लीज ऑलवेज आस्क अगेन." नेहमी पुन्हा विचारा.

 निखत डस्टरनं स्वच्छ फळाच पुसायला लागली.

"काय गं?"

"काही नाही काकू."

"निखत?"

"अम्मीची आठवण आली," ती म्हणाली. आणि तिची तीच हसून म्हणाली, "बघा, चालतंय तुमचं औषध."

लग्न मार्गशीर्षात झालं. बार्बरा आली ती एकटीच पाहुण्यांचं वऱ्हाड असल्यासारखी आली. हिरवी पैठणी नेसवली तर आरशासमोर स्वतःभोवती गिरकी घेऊन म्हणाली, लव्हली. वरमायेचे पाय धुवायला आम्ही परात आणली तर तिला एवढ्या गुदगुल्या झाल्या, की पाणी माझ्या नाकापर्यंत उडालं. सगळा मांडव हसला. जुईही हसत होती. पण आदल्या दिवशी आल्या आल्या तिनं माझ्या सगळ्या ब्लाउजांना इस्त्री करून ठेवली होती, ती मी पाहिली होती. विचारायला गेले तर खोलीत कायम कुणी ना कुणी. मेंदीवाली, मामी, फोटोवाला.

आता जे काही सांगायचं ते पंगतीत.

बार्बराच्या ताटाभोवती रांगोळी, उदबत्ती. तिच्या गुडघ्यांसाठी उंच पाट शोधून आणलेला. एका हाताला टॉम, दुसऱ्या हाताला जुई. समोरच्या रांगेत निखत. मी जिलबीचं ताट घेऊन पुढे झाले. तिन्ही वाक्यं ओठावर तयार होती, पाटापाटावर आपापल्या जागी बसलेली.

बार्बरानं वर बघितलं. म्हणाली, "हॅलो, लव्ह! सिट डाउन, सिट डाउन!"

आणि माझी पंगत उठली. ऑलवेज कुठं, नेव्हर कुठं, एक शब्द जागेवर सापडेना. समोरून निखत ओठ हलवून दाखवत होती, शी... शी... मला तोंडातून एवढंच फुटलं, "मोर जिलेबी?"

"यस, प्लीज!"

मी वाढली. पुन्हा तोंड उघडलं. "मोर जिलेबी?"

"ओ, गो ऑन देन!"

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा जुई म्हणाली, "आई, त्यांना मारायचा विचार आहे का?" ताटात जिलब्यांची उतरंड झाली होती. निखतनं डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात माझ्या नणंदेनं, सिंधूवन्संनी, विहीण सुरू केली. त्यांचा आवाज गोड. पण शब्द नेहमीचेच : नाजूक कळी, सोन्याची बाहुली, दुधातली साखर. कुठल्याही मुलीच्या अंगाला येईल असं शिवलेलं. बार्बरा मान डोलावत ऐकत होती. मी रिकामं ताट हातात धरून उभी होते. मला वाटलं, मी गावच्या मुलींना त्यांच्या मापाचं गाणं शिवून दिलं, आणि माझी पोर हे तयार कपडे घालून जाणार.

वन्संनी कडवं संपवून श्वास घेतला. त्या श्वासात मी शिरले.

"विहीणबाई, विहीणबाई, ऐका माझी विनवणी,
माझ्या जुईला दुखलं तरी डोळ्यात येत नाही पाणी.
गप्प बसून घड्या घालते, फिरवत राहते इस्तरी,
लोक म्हणतील कामाची गं, तुम्ही ओळखा अंतरी.
विचाराल तर 'काही नाही' म्हणून हसून वळेल,
पुन्हा विचारा विहीणबाई, दुसऱ्या वेळी कळेल."

इस्तरीला बायका खुदकन हसल्या. पुढच्याच ओळीला त्यांचे पदर डोळ्यांशी गेले. वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या. आईनं म्हटलेली विहीण त्यांनी कधी ऐकली नव्हती. माझा ताल शेवटच्या शब्दाला सुटलाच, पण तोवर सांगून झालं होतं. सांगून झालं होतं ते मराठीत, आणि जिला सांगायचं ती आपल्या मुलाकडे बघत होती.

"व्हॉट्स शी सिंगिंग, लव्ह?" तिनं जुईला विचारलं.

जुईनं पाण्याचं भांडं उचललं. खाली ठेवलं. म्हणाली, "इट्स अ ट्रॅडिशनल साँग. इट सेज..." एक पारंपरिक गाणं आहे म्हणाली. मला वाटलं, झालं. आता येणार, 'जेवण छान आहे.'

ती थांबली. माझ्याकडे बघितलं. मी काही खूण केली नाही, हातात ताट होतं.

मग ती बोलायला लागली, हळूहळू. आणि मला ते कळत होतं! निखतच्या खोलीत ज्या शब्दांना मी पाटावर बसवून बसवून थकले, ते जुईच्या तोंडून एकेक करून येत होते आणि मी त्यांना ओळखत होते. "आय नेव्हर टेल," ती म्हणाली. गाण्यात मी 'माझी जुई' म्हटलं होतं, ती 'मी' म्हणत होती. "आय क्वायटली आयर्न. अँड आय से, नथिंग, नथिंग." टॉमचा हात ताटावर तसाच राहिला. चादरी, तो पुटपुटला. जुईनं त्याच्याकडे बघून मान हलवली. बाबा, ती म्हणाली. लग्नात बाबा नसणार, हे महिनेच्या महिने डोक्यात फिरतंय, आणि आईसमोर काढलं तर आईला त्रास होईल.

मला वाटलं, गाणं संपलं, हिचं सांगणंही संपेल. पण ती पुढे बोलली. ते माझ्या गाण्यात नव्हतं.

"मम डझ इट टू. शी क्लीन्स राइस. क्लीन राइस." आईही तेच करते. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडत बसते. बाबा गेल्यापासून. मी विचारते, काय झालं, ती म्हणते, काही नाही. "अँड आय नेव्हर आस्क्ड अगेन."

मी ताट भिंतीशी टेकवून ठेवलं. हातांचं काय करावं ते कळेना.

बार्बरा कुशीवर वळावं तशी अख्खी माझ्याकडे वळली. पैठणीचा पदर जिलबीच्या पाकात गेला तरी तिचं लक्ष नव्हतं.

"आर यू ऑल राइट, कुमुद?"

"आय ॲम ऑलवेज फाइन," मी म्हटलं.

एकही शब्द जागा चुकला नाही. निखतनं समोरून अंगठा वर केला, आणि मग तिचा तिनंच तो खाली घेतला.

बार्बरानं काही मान डोलावली नाही. लव्हली म्हणाली नाही. ती थांबली, जशी तिची बस एखाद्या पोरासाठी थांबत असेल, घाई न करता, दार उघडं ठेवून. मग तिनं पुन्हा विचारलं.

"आर यू?"

किती वर्षांत मला कुणी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं.

"नो," मी म्हणाले.

बार्बरा पाटावर बाजूला सरकली आणि तिनं मोकळ्या जागेवर हातानं थोपटलं. मुलीची आई विहिणीच्या पंगतीत, विहिणीच्या पाटावर? सिंधूवन्संच्या भुवया केसांत गेल्या. पण जुईनं माझा हात धरून खाली ओढलं, आणि मी बसले.